नागपुरातल्या रस्त्याचा इतिहास सरकारी दफ्तरात कसा शोधावा

डिसेंबर 1943 मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि पुढच्या वीस वर्षांत भारतात रस्ते किती, कुठून कुठे आणि कोणत्या दर्जाचे असावेत याचा आराखडा त्यांनी ठरवला. तो 'नागपूर प्लॅन' नावाने ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही प्रतवारी त्याच बैठकीतली. आज काटोल किंवा उमरेडच्या बाजूला फिरताना फलकांवर 'प्रजिमा', 'इजिमा' अशी अक्षरे दिसतात, त्यांचे मूळ तिथे आहे. विकसित शेतीपट्ट्यातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून 5 मैलांपेक्षा लांब असू नये, हा त्या आराखड्याचा एक निकष होता. माझ्या मते आपल्या शहराचे नाव ज्या मोजक्या राष्ट्रीय निर्णयांशी कायमचे जोडले गेले, त्यांतला हा सर्वांत कमी वाचला गेलेला निर्णय आहे.

हा विषय विद्यार्थ्यांनी, पत्रकारांनी, आपल्या मोहल्ल्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनी हाती घ्यावा असे मनापासून वाटते. बहुतेकांचे अडते ते सुरुवातीलाच: जायचे कुठे आणि मागायचे काय. त्यासाठी हा लेख.

आधी रस्त्याचा धनी शोधा

कागदपत्रे रस्त्याच्या नावाने ठेवलेली नसतात. त्या वर्षी रस्ता ज्याच्या ताब्यात होता, त्या खात्याच्या नावाने ती ठेवलेली असतात. म्हणून 'वर्धा रोडची फाइल दाखवा' असे विचारले की समोरचा कर्मचारी प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. 'अमुक वर्षी हा रस्ता कोणाकडे होता' हे आधी ठरवले की तोच कर्मचारी कपाटापर्यंत नेतो. नवशिक्याचे निम्मे श्रम या एका गोष्टीने वाचतात.

नागपूरपुरता हा हिशेब थोडा गुंतागुंतीचा आहे, कारण आपल्या शहराचे राज्यच वारंवार बदलले. 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. 1861 मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याची राजधानी बनले. 1903 मध्ये वऱ्हाड प्रशासनासाठी जोडले गेले, पुढे 'मध्य प्रांत व वऱ्हाड' हे नाव आले. 1950 मध्ये त्याचे मध्य प्रदेश झाले आणि राजधानी नागपूरच राहिली. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. म्हणजे 1940 ते 1965 या पंचवीस वर्षांतल्या एकाच रस्त्याचे कागद चार वेगवेगळ्या सरकारांच्या शिक्क्यांनिशी सापडू शकतात.

खात्यांचेही तसेच. इंग्रजी अमदानीत प्रांताच्या बांधकाम खात्यात 'इमारती व रस्ते' आणि 'पाटबंधारे' अशा शाखा वेगळ्या असत. तुम्हाला पहिली हवी. महाराष्ट्र झाल्यावर याच खात्याला 'इमारती व दळणवळण' म्हणत. जुने ठेकेदार आणि निवृत्त ओव्हरसियर अजून 'बी अँड सी' म्हणतात ते यावरून. त्या काळच्या सूचीत 'रस्ते' हा शब्द सापडला नाही तर 'दळणवळण' पाहा. खेड्यापाड्यांतले रस्ते आधी डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे होते, 1948 च्या कायद्याने जनपद सभा आल्या त्यांच्याकडे गेले, आणि मे 1962 पासून जिल्हा परिषदेकडे आले. जनपद सभा हा टप्पा फक्त आपल्या बाजूचा. पुण्या-मुंबईची मार्गदर्शक पुस्तके वाचून आलेल्यांना तो माहीत नसतो आणि 1948 ते 1962 ची वर्षे त्यांच्या हातून सुटतात.

शहराच्या हद्दीत दोन धनी. नगरपालिका 1864 पासूनची, तिची महापालिका 1951 मध्ये झाली. दुसरी नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), 1936 च्या स्वतःच्या कायद्याने आलेली. जुन्या दाट वस्तीतून काढलेला सेंट्रल अॅव्हेन्यू हे नासुप्रचे काम. त्यामुळे गांधीबाग-इतवारीच्या बाजूचा रुंद रस्ता दिसला की आधी नासुप्रच्या योजनांची यादी पाहावी, मग महापालिकेची.

दिल्लीतही धनी बदलत होता. केंद्रात रस्त्यांचा विषय 1923 पासून 'उद्योग व कामगार' खात्यात होता, 1937 नंतर 'दळणवळण' खात्यात आणि 1942 पासून 'वॉर ट्रान्सपोर्ट' म्हणजे युद्धकालीन वाहतूक खात्यात. नागपूर प्लॅनची बैठक 1943 ची, म्हणून केंद्राचा पत्रव्यवहार बांधकाम खात्याच्या सूचीत शोधत बसू नका, वॉर ट्रान्सपोर्टच्या सूचीत शिरा.

इथेच आणखी एक खुलासा. नागपूर प्लॅन हा नागपूर शहराचा आराखडा नव्हे. शहराची विकास योजना हा वेगळा विषय, वेगळा कायदा, वेगळे दफ्तर. दोन्हींची सरमिसळ फार होते.

प्रश्न लहान करा

'नागपूरच्या रस्त्यांचा इतिहास' हा विषय दफ्तरखान्यात चालत नाही. एक रस्ता आणि दहा-पंधरा वर्षे एवढेच घ्या. 'महालातला केळीबाग रोड रुंद करायचा प्रस्ताव पहिल्यांदा कागदावर कधी आला?' हा चांगला प्रश्न आहे. 'कामठी रोडची देखभाल कोणत्या वर्षी कोणाकडून कोणाकडे गेली?' हाही. अशा प्रश्नाला फाइल उत्तर देऊ शकते. 'हा रस्ता असा का झाला?' याचे उत्तर शेवटी तुम्हीच द्यायचे असते, पण त्याआधी 'कधी' आणि 'कोणी' हातात असावे लागते.

घरी बसून करायचे वाचन

दफ्तरखान्याची पायरी चढण्याआधी छापील साहित्य उरकून घ्या. 1908 चे नागपूर जिल्ह्याचे गॅझेटिअर आणि महाराष्ट्र शासनाने काढलेले नंतरचे गॅझेटिअर, दोन्हींतली दळणवळणाची प्रकरणे शेजारी ठेवून वाचा. कोणता रस्ता पक्का, कोणता कच्चा, कुठे पूल नाही, कुठे पावसाळ्यात वाट बंद, हे त्यात मिळते. नागपूरहून कामठी-शिवनीमार्गे जबलपूरला जाणारा 'ग्रेट नॉर्दर्न रोड' आणि भंडाऱ्यावरून रायपूरकडे जाणारा 'ग्रेट ईस्टर्न रोड' ही नावे ध्यानात ठेवा. जुन्या कागदांत आजचा कामठी रोड किंवा भंडारा रोड या नावांखाली सापडतो. रेल्वे नागपूरला 1867 मध्ये पोचली, त्याच्या आधीचे आणि नंतरचे रस्तेविषयक कागद वाचताना फरक जाणवेल: आधी मालवाहतूक लांबच्या रस्त्याने, नंतर स्टेशनला जोडणाऱ्या फाट्यांची मागणी.

गावांची जुनी लिखाणे टिपून घ्या. इंग्रजीत नागपूरचे 'नागपोर', जबलपूरचे 'जुब्बलपोर' असे स्पेलिंग असे, चंद्रपूर म्हणजे 'चांदा'. संगणकावर शोधताना आजचे स्पेलिंग घातले की निकाल शून्य येतो.

महामार्गांच्या क्रमांकांचेही तेच. 2010 मध्ये देशभर क्रमांक बदलले. आपल्याकडचा जुना 7 नंबर आता 44, आणि 6 नंबर आता 53. 2010 पूर्वीच्या कागदात 44 शोधलात तर भलताच रस्ता हाती लागेल.

केंद्रीय धोरणाची पार्श्वभूमी थोडक्यात: 1927 ची जयकर समिती, तिच्या शिफारशीवरून 1929 मध्ये पेट्रोलवरील जादा कराच्या पैशातून उभा राहिलेला केंद्रीय रस्ते निधी, 1934 ची इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्था, मग 1943 चा नागपूर प्लॅन. प्रांतातल्या एखाद्या रस्त्याला 1930 नंतर अचानक पैसा मिळालेला दिसला तर तो या निधीतून आला का, हे आधी तपासा.

दफ्तरखान्यात

महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाची शाखा नागपुरात आहे आणि विदर्भाच्या कामाची सुरुवात तिथूनच करावी. कॉलेजचे किंवा मार्गदर्शकाचे पत्र, ओळखपत्र, फोटो आणि विषय नेमका सांगणारा साधा अर्ज घेऊन जा. पत्र नसेल, तुम्ही स्वतंत्र अभ्यासक असाल, तरी जा. अर्जात विषय आणि कालखंड स्पष्ट असला की बोलणी सोपी होतात. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या. पिशवी बाहेर. फोटोचे नियम आधी विचारा, परवानगी लेखी घ्या.

पहिल्या दिवशी एकही फाइल मागवू नका. सूची वाचा. तुमच्या कालखंडातली बांधकाम खात्याची सूची पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचली की त्या काळचे कारकून कोणत्या शब्दांत विचार करत होते ते कळते. 'सुधारणा', 'रुंदीकरण', 'हस्तांतरण', 'पूल', 'टोल', 'झाडे', 'अतिक्रमण', 'नुकसानभरपाई' हे सगळे मथळे तुमच्या कामाचे. झाडांच्या फाइली नवखे लोक हमखास सोडतात. रस्त्याकडेची झाडे कोणाची, ती तोडली कोणी, फळांचा लिलाव कोणी केला, यावरच्या वादांतून रस्त्याची मूळ रुंदी आणि ताबा या दोन्ही गोष्टी कळू शकतात.

इंग्रजकालीन सूचीत 'अ', 'ब' आणि 'डिपॉझिट' असे प्रोसीडिंगचे, म्हणजे खात्याच्या कामकाजाच्या कागदांचे, वर्ग दिसतील. 'अ' म्हणजे महत्त्वाचे ठरवून छापलेले, 'ब' सूचीत नोंदलेले पण न छापलेले, 'डिपॉझिट' किरकोळ समजून तात्पुरते ठेवलेले. सुरुवात 'अ' पासून करा, कारण ते वाचायला सोपे. तिथे निर्णय कळतो. भांडण मात्र पुष्कळदा 'ब' मध्ये असते.

फाइल हातात आली की तिचे दोन भाग ओळखा: टिपणी आणि पत्रव्यवहार. पत्रव्यवहार म्हणजे सरकारने बाहेर काय सांगितले, टिपणी म्हणजे आत काय बोलले गेले. आधी पत्रव्यवहार तारखेने लावून वाचा, मग टिपणीकडे या. टिपणीतल्या प्रत्येक आडव्या-तिडव्या शेऱ्याखाली आद्याक्षरे असतात. ती कोणाची, हे त्या वर्षीच्या सिव्हिल लिस्टवरून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील यादीवरून, लावता येते. कार्यकारी अभियंता एक म्हणतो, डेप्युटी कमिशनर दुसरे म्हणतो, वित्त खाते पैसे नाहीत म्हणून टाळते. निर्णय कसा झाला हे या समासातल्या वाक्यांमधून उलगडते आणि मला या कामातला सगळा आनंद तिथेच सापडतो.

फाइलच्या पाठीवर किंवा पहिल्या पानावर मागच्या-पुढच्या फाइलींचे क्रमांक दिलेले असतात. ते लगेच उतरवा. एका फाइलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, असाच हा शोध पुढे सरकतो.

भाषेची तयारी ठेवा. सचिवालयाचा कारभार इंग्रजीत, पण गावपातळीवरचे कागद मराठीत आणि हिंदीत, जुने असतील तर मोडीत. रस्त्यांच्या प्रश्नासाठी मोडी लागेलच असे नाही. भोसलेकालीन वाटांवर काम करायचे असेल तर मात्र शिकून घ्या.

नकाशे

फाइलीतून घडी केलेला नकाशा निघाला तर तो स्वतः उघडू नका, कर्मचाऱ्याला बोलवा. घडीवर कागद तुटतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पत्रकांत नागपूर शहर 55 ओ/4 या पत्रकात येते. जुनी आवृत्ती एका मैलाला एक इंच या प्रमाणाची, नंतरची 1:50,000. दोन वेगळ्या दशकांतल्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की रस्त्याची दुहेरी रेघ कुठे नवी आली ते डोळ्यांना दिसते. लक्षात ठेवा, नकाशा छापल्याचे वर्ष आणि मोजणीचे वर्ष वेगळे असते. मोजणीचे वर्ष खाली समासात लिहिलेले असते, तेच धरा.

झीरो माइलचा स्तंभ अनेकांच्या यादीत पहिला असतो. तो 1907 चा, त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा संदर्भदगड आहे. त्यावरची अंतरे वाचायला जरूर जा, पण रस्ते नियोजनाचा पुरावा म्हणून तो वापरू नका.

गावाकडच्या रस्त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा, आणि पूर्व विदर्भात वाजिब-उल-अर्ज व निस्तार पत्रक हे कागद फार मोलाचे. मालगुजारीच्या काळात गावकऱ्यांचे वहिवाटीचे हक्क त्यांत नोंदले गेले. पांदण रस्त्याच्या वादात आजही लोक हे कागद काढतात. शहरात त्याच कामासाठी नगर भूमापनाचा नकाशा आणि आखीव पत्रिका पाहा.

राजपत्र, निवाडा, हरकती

रस्ता जमिनीवरून जातो आणि जमीन कोणाची तरी असते. 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली कलम 4 आणि 6 च्या अधिसूचना राजपत्रात छापल्या जात. वर सांगितल्याप्रमाणे सरकारे बदलली, तसे राजपत्राचे नावही बदलले. महाराष्ट्राच्या काळात नागपूर विभागीय पुरवणी पाहा. अधिसूचनेवरून संपादन प्रकरणाचा क्रमांक मिळतो, क्रमांकावरून जिल्हाधिकारी कार्यालयातला निवाडा. निवाड्यात प्रत्येक तुकड्याचे क्षेत्र, मालक, पीक, विहीर, झाड, घर आणि त्यांची ठरलेली किंमत असते. एका रस्त्यासाठी कोणी काय गमावले हे इतक्या तपशिलात दुसरीकडे कुठेही लिहिलेले नसते. ते वाचताना घाई करू नये.

नासुप्रच्या योजनांच्या अधिसूचना तिच्या कायद्याच्या कलम 39 आणि 45 खाली निघाल्या. 1966 नंतरच्या विकास योजनेतील रस्त्यांसाठी प्रादेशिक व नगररचना कायदा लागू होतो: कलम 26 खाली प्रारूप प्रसिद्ध, 28 खाली हरकती व सुनावणी, 31 खाली मंजुरी, 37 खाली फेरबदल. प्रारूप आणि मंजूर नकाशा हे दोन्ही मिळवा. त्यांत जी रेघ सरकलेली दिसेल तिथल्या हरकती मागवा.

चालू कार्यालयांतले कागद

बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, महापालिका, नासुप्र यांचे पुष्कळ कागद अजून त्यांच्याच अभिलेख कक्षात आहेत. आधी तोंडी विचारा. अनेक ठिकाणी जुने कर्मचारी आपुलकीने दाखवतात. नाहीच जमले तर माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, शुल्क 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो, प्रतीचे पानाला 2 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. 'सर्व माहिती द्यावी' असे लिहू नका. असे लिहा (नस्ती म्हणजे फाइल): 'सन 1961 ते 1970 या काळातील अमुक रस्त्याच्या दर्जोन्नतीशी संबंधित नस्त्यांच्या यादीचे व त्या नस्त्यांचे अवलोकन करू द्यावे.' अवलोकन मागणे नेहमी चांगले. पहिला तास विनाशुल्क असतो आणि कोणती पाने हवीत ते तुम्हीच ठरवता.

उत्तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असे आले तर पुढचा प्रश्न तयार ठेवा. सरकारी नस्त्यांचे वर्गीकरण असते: 'अ' कायम, 'ब' 30 वर्षे, 'क' 10 वर्षे, 'ड' एक वर्ष. तुमची नस्ती कोणत्या वर्गात होती आणि नष्ट केली असेल तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत द्या, असे विचारा. कधी कधी ती नोंद शोधताना नस्तीच सापडते.

डिसेंबरच्या सुमारास हिवाळी अधिवेशन असते तेव्हा बांधकाम विभागात जाऊ नका. रवीभवन, नागभवन, आमदार निवास आणि तारांकित प्रश्न यांत सगळे गुंतलेले असतात. अधिवेशनाआधी महिनाभर किंवा संपल्यावर जा. मे महिन्यात सकाळी कार्यालय उघडताच पोचा.

आकडे

मैल, फर्लांग, साखळी, एकर; रुपये, आणे, पै. मैलात 8 फर्लांग, 80 साखळ्या. रुपयात 16 आणे, आण्यात 12 पै. साखळीची सावधगिरी बाळगा: मोजणीची साखळी 66 फुटांची, अभियंत्यांची 100 फुटांची असू शकते. आजही साइटवर 'चेनेज' म्हणतात ते यावरून.

घनतेचे आकडे विशेष फसवे. नागपूर प्लॅनचे उद्दिष्ट काही ठिकाणी 100 चौरस मैलांना 26 मैल आणि काही ठिकाणी 100 चौरस किलोमीटरला 16 किलोमीटर असे दिसेल. दोन्ही एकच आहेत. मैल लांबीतही बदलतो आणि क्षेत्रफळातही, म्हणून 26 ला 1.609 ने गुणायचे नसते, भागायचे असते. पुढच्या मुंबई योजनेचे (1961-81) उद्दिष्ट 32 किलोमीटर, लखनौ योजनेचे (1981-2001) 82. हे आकडे एका ओळीत मांडण्याआधी एकक एक करा, आणि 1943 व 1961 च्या मध्ये फाळणी झाली हे विसरू नका.

वर्तमानपत्रे आणि बाहेरगावची दफ्तरे

फाइल सरकारची बाजू सांगते. लोकांची बाजू वर्तमानपत्रात आणि विधिमंडळाच्या कामकाजात असते. 'हितवाद' 1911 पासून नागपुरातून निघतो, 'महाराष्ट्र' साप्ताहिक 1914 पासूनचे. फाइलीतल्या निर्णयाच्या तारखेच्या मागचे-पुढचे पंधरा दिवस चाळा. विधिमंडळात अर्थसंकल्पावरच्या चर्चेत रस्त्यांवरून आमदार भांडतात, ते आजच्यासारखेच तेव्हाही.

प्रत्येक कागदासाठी टिपणवहीत दफ्तरखान्याचे नाव, खाते, शाखा, वर्ष, फाइल क्रमांक, पान आणि पाहिल्याची तारीख लिहा. जी फाइल मागितली आणि मिळाली नाही तिचीही नोंद ठेवा, तिच्या मागणी-चिठ्ठीवरचा शेरा जसाच्या तसा उतरवून.

नागपूरचे काम बऱ्यापैकी झाल्यावरच बाहेर पडा. 1956 मध्ये राज्य फुटले तेव्हा जुन्या सचिवालयाचे कागदही वाटले गेले, म्हणून मध्य प्रांताच्या अनेक फाइलींसाठी भोपाळचा राज्य अभिलेखागार गाठावा लागतो. 1956 नंतरच्या मंत्रालयीन निर्णयांसाठी मुंबई. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर नोंदणी करून घरूनच पाहता येते, काही फाइली तिथेच वाचताही येतात. भोपाळचे तिकीट काढण्याआधी नागपुरात मिळालेल्या फाइलींतले सगळे उलट-संदर्भ एका यादीत काढा, वर्षाप्रमाणे लावा आणि ती यादी पत्रासोबत आधी तिकडे पाठवा. कोणते क्रमांक त्यांच्याकडे आहेत हे कळल्यावरच निघा.